गंधालीचे भाऊ

शीतलने नंदूची हनुवटी चिमटीत धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचा भांग पाडायला घेतला. खोबरेल तेल त्याच्या कपाळावरून ओघळत भुवयांपर्यंत आलं होतं. नंदू पाच वर्षांचा होता, आणि आज आपल्याला फेटा बांधणार आहेत अशी मोठ्या मुलांनी त्याची समजूत करून दिली होती. त्यामुळे भांग म्हणजे त्याला फुकटची कटकट वाटत होती.

"नंदू, कृपया हलू नकोस."

"कृपयाऽऽ!" मागे रांगेत उभी असलेली सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

हे नेहमीचंच होतं. शीतल मॉरिशसची. तिचं मराठी तिथल्या रविवारच्या वर्गात पुस्तकातून शिकलेलं, आणि त्यात आजीकडून आलेली कोकणी वळणाची चार-दोन वाक्यं. बोरीवलीच्या या बालसदनात पहिल्या दिवशी तिने "कृपया शांत बसा" म्हटलं, तेव्हा मुलं खरोखरच शांत बसली होती. स्टेशनवरची घोषणा ऐकतात तशी, पुढे कोणती गाडी किती उशिरा येते याची वाट बघत. आता तिला त्यांचं बोलणं बऱ्यापैकी जमू लागलं होतं, पण घाईत किंवा भीतीत तोंडातून पुस्तकच बाहेर पडायचं. आणि आज दोन्ही होतं. अंगणात मांडव पडला होता, सनईची टेप लागली होती, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या भिंतीवर येऊन बसलेल्या माकडांना हाकलायला दोन मुलांना काठ्या देऊन उभं केलं होतं. गंधालीचं लग्न होतं.

गंधाली या सदनातच वाढली. अठरा पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे बाहेर पडली, वाकोल्याला एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली आणि तिथेच जवळ नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहात राहू लागली. पण दर रविवारी ती इकडे यायचीच. शीतलही शनिवार-रविवारी यायची, अंधेरीच्या हॉस्टेलवरून. तिच्या कॉलेजने पहिल्या वर्षी समाजसेवेचे काही तास सक्तीचे केले होते. ते तास केव्हाच भरले, तरी ती येत राहिली. का, असं कोणी विचारलं तर ती सांगायची, मुलांना गणित शिकवते. ते खोटं नव्हतं. आता शिक्षण संपत आलं होतं आणि मे महिन्यात ती कायमची परत जाणार होती. मुलांना हे माहीत होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

"शीतल, जरा बाहेर ये."

दारात सदनाचे व्यवस्थापक श्यामसुंदर सर उभे होते. आज ते आणि त्यांच्या पत्नी गंधालीचं कन्यादान करणार होते. त्यांचा सिल्कचा कुडता सकाळी नऊलाच घामाने पाठीला चिकटला होता. लग्न पाहावं करून म्हणतात, ते उगाच नाही.

"कानपिळी माहीत आहे ना तुला?"

"वाचलंय, सर. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो."

"हां. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवरा त्याला काहीतरी भेट देतो, लोक हसतात, फोटो निघतो, संपलं." सरांनी आवाज खाली आणला. "आपल्याकडे भाऊ वीस-बावीस. आणि सगळे चिडलेले."

चिडण्याचं कारण शीतललाही माहीत होतं. नवऱ्यामुलाचं नाव नितेश. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. त्याची आई तो लहान असतानाच गेली, आणि त्याला वाढवलं ते आत्याने, सुगंधाताईंनी. बाई कष्टाळू, तोंडाने फटकळ. साखरपुड्याच्या दिवशी याच अंगणात चहा पिता पिता त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या होत्या, "मुलीकडचं कोणी नाही, ते एका परीने बरंच म्हणा. मानपानाची कटकट नाही, रुसवेफुगवे नाहीत." त्यात वाईट हेतू काही नव्हता. पण त्याच वेळी सदनातला सगळ्यात मोठा मुलगा, भीमराज, चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. त्याच्या ट्रेमधला एकही कप हलला नाही, आणि सरांना त्याचीच जास्त भीती वाटली होती.

"तेव्हापासून रोज संध्याकाळी गच्चीवर बैठका चालल्यात यांच्या," सर म्हणाले. "कोणी मोठं माणूस वर गेलं की गप्प. अंबादासने परवा कोठीच्या खोलीत पाहिलं, एकमेकांचे कान धरून सराव करत होते."

अंबादासकाका सदनाचे स्वयंपाकी. ते उगाच काही सांगणाऱ्यातले नव्हते.

"आज एकाचाही हात जड पडला ना, तर ती बाई गंधालीला जन्मभर ऐकवेल. अनाथाश्रमातली पोरं, वळण कुठलं असणार, म्हणून. आपण इथे राहू. तिला त्या घरात राहायचंय." सरांनी रुमालाने मान पुसली. "कान फक्त भीमराज धरेल. हळूच. बाकीचे जागेवरून उठणार नाहीत. भटजींना पण कांदिवलीला पुढचं लग्न आहे. तू सांग त्यांना. तुझं ऐकतात."

तिचं कोणी ऐकत नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. पण सरांना कन्यादानाला बसायचं होतं, आणि बसलेल्या माणसाला उठता येत नाही.

शीतल आत आली तेव्हा भीमराज आरशासमोर उभा राहून इतर मुलांच्या कॉलरी नीट करत होता. पंधरा वर्षांचा, उंच, ओठांवर मिशीची पहिली सावली.

"सर म्हणतात, कान एकानेच धरायचा. तू."

"नाही."

"भीमराज, भटजींना वेळ नाही रे."

"पटापट करू ना. रांग लावून."

"पण एकच भाऊ धरतो. रीत आहे तशी."

"ताई, ती काय एकट्या माझी बहीण आहे?"

शीतलने दुसरीकडून प्रयत्न केला.

"बरं, तुम्ही काय करणार आहात ते तरी सांगा. जोरात पिळणार आहात का?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सुशांत नावाचा एक दात पडलेला मुलगा फिसकन हसला आणि भीमराजने बघितल्यावर गप्प झाला.

"ते आमचं आहे," भीमराज म्हणाला. "तू टेन्शन नको घेऊ."

खरं तर तिने लगेच जाऊन सरांना सांगायला हवं होतं. पाय निघाले नाहीत, त्याला एक कारण होतं. तीन वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, याच भीमराजने तिला आडनाव विचारलं होतं. ती म्हणाली, सखाराम. "ते बापाचं नाव झालं, आडनाव सांग," तो म्हणाला. मग तिने सांगितलं, की तिच्या पणजोबांचे आजोबा बोटीने मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेले. नाव सखाराम. गोऱ्या साहेबाने तेच आडनाव म्हणून लिहून घेतलं. खरं आडनाव काय, कोकणातलं गाव कुठलं, घरात कोणालाच ठाऊक नाही. बारा वर्षांचा भीमराज म्हणाला होता, "म्हणजे तुमचं आडनाव पण आमच्यासारखं, कोणीतरी फॉर्मवर भरून टाकलेलं आहे." आणि सरकून त्याने तिला आपल्या सतरंजीवर जागा करून दिली होती. त्या मुलांना आता, कोण कोणाचा सख्खा आणि कोण नाही, हे सांगायला जायचं तिच्या जिवावर आलं.

ती मुलींच्या इमारतीत गंधालीकडे गेली. हिरवा चुडा भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून गंधाली बसली होती, आणि श्रुतिका नावाची मुलगी तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधत होती.

"पोरं काय करतायत गं?" गंधालीने विचारलं.

"तयार होतायत."

"काहीतरी शिजतंय त्यांचं. मला सांगत नाहीत." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "शीतल, आज फक्त कोणी भांडू नये गं. आत्यांना मी जिंकेन हळूहळू, मला जमतं ते. पण आज काही झालं ना, तर मग सगळं उलट्या बाजूने सुरू करावं लागेल."

"काही होणार नाही," शीतल म्हणाली. नाश्त्याच्या उपम्याची ताटली तिने पुढे केली.

"नको, भूक नाही," गंधाली म्हणाली. शीतलने ताटली बाजूला ठेवून दिली.

मुहूर्त वेळेवर लागला. मामा म्हणून अंबादासकाकांनी गंधालीला बोहल्यावर आणलं. नवी टोपी, नवा सदरा, आणि नवरीच्या आधी त्यांचेच डोळे भरलेले. मंगलाष्टकं झाली. नंदूने अक्षता नवऱ्यावर टाकण्याऐवजी थेट भिंतीवरच्या माकडांवर टाकल्या. मग होम पेटला आणि भावाने नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायची वेळ आली. लाह्या भीमराजने घातल्या, अगदी शहाण्यासारख्या. शीतल नवऱ्याच्या बाजूला, पोरांच्या सतरंजीच्या टोकाशी उभी होती. कोणी उठलंच तर अडवायला.

"चला, कानपिळी," भटजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "भाऊ आहेच इथे. उरकून घ्या."

भीमराज पुढे सरकला. त्याच्यामागे सुशांत उठला. मग चैतन्य. मग खंडू. आणि मग अख्खी सतरंजीच उठली.

मांडवात हशा पिकला. फोटोवाला खुश झाला. "अहो, एकच, एकच!" भटजी म्हणाले, पण तोपर्यंत रांग लागली होती, ती बोहल्यापासून तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेली होती. सुगंधाताई नवऱ्याच्या मागे बसल्या होत्या, मांडीवर भावासाठी आणलेलं एकच शर्टपीस. त्यांचा चेहरा आखडला. होमाच्या पलीकडून श्यामसुंदर सरांनी शीतलकडे जे पाहिलं, ते तिला नंतर बरेच दिवस आठवणार होतं.

नितेश हसऱ्या स्वभावाचा होता. त्याने फोटोसाठी आधीच तोंड वेडंवाकडं करून "आई गं!" म्हणायची तयारी केली. भीमराज खाली वाकला, त्याने नवऱ्याचा उजवा कान दोन बोटांत धरला.

त्याने कान पिळला नाही. तोंड कानाशी नेलं.

सनईची टेप नेमकी संपली होती आणि कोणीतरी ती बदलत होतं, म्हणून एका हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या शीतलला स्पष्ट ऐकू आलं.

"भूक नाही म्हणाली तरी दोनदा विचारायचं, दाजी. पहिल्यांदा ती नाहीच म्हणते."

त्याने कान सोडला आणि तो बाजूला झाला. नितेशचं तोंड "आई गं"च्या आकारातच राहिलं.

शीतलला त्या उपम्याची ताटली आठवली. तीन वर्षं दर रविवारी ती गंधालीच्या शेजारी जेवायला बसत होती. गंधालीचं 'भूक नाही' तिने दर वेळी खरं मानलं होतं.

सुशांतने कान धरला. "झोपताना दार पूर्ण लावायचं नाही. एवढी फट ठेवायची." केवढी, ते त्याने दोन बोटं नितेशच्या डोळ्यांसमोर धरून दाखवलं. नितेशने त्या बोटांकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

मग चैतन्य. "रागावली की बोलत नाही ती. भांडी घासत बसते. घासलेली पण परत घासते. तेव्हा मधे जायचं नाही."

मग एक गोल चेहऱ्याचा मुलगा. "पालीला घाबरत नाही. तुम्ही घाबरत असाल तर तिला हाक मारा."

"गाते. बेसूर गाते. पण हसायचं नाही हां, बंद करते मग."

मांडवातले लोक अजून हसत होते. त्यांना लांबून फक्त एकामागून एक कान धरणारी पोरं दिसत होती. पण बोहल्याजवळचं हसणं थांबलं होतं. नितेशने कानावर आलेली मुंडावळ्यांची दोरी स्वतःच मागे सारली आणि तो डोकं कलतं करून बसला, मुलांना वाकायला लागू नये म्हणून. प्रत्येकाला तो "हं" म्हणत होता, किंवा "बरं". गणितात नापास होणारी, वह्या हरवणारी, चपला उलट्या घालणारी ही पोरं. यांनी कधी पाहिलं हे सगळं? कुठे साठवून ठेवलं होतं? तिला एकाएकी आपण या अंगणात फार मोठ्या माणसांमध्ये उभे आहोत असं वाटलं.

"काय सांगताय रे त्यांना?" गंधालीने खालच्या आवाजात विचारलं. तिला होमाच्या तडतडीत काही ऐकू येत नव्हतं.

"तुझं काही नाही त्यात," भीमराज म्हणाला.

खंडूची पाळी आली. खंडू फारसा बोलत नसे. वर्गातही उत्तर येत असलं तरी गप्प बसायचा. त्याने कान धरला आणि इतका वेळ नुसता उभा राहिला की मागच्याने त्याला ढोसलं.

"कुठे गेलात की कधी येणार ते सांगून जा," खंडू म्हणाला. "उशीर झाला तर फोन करा. ती काही म्हणणार नाही. पण दाराकडे बघत बसते." मग थोडं थांबून, "आम्ही सगळेच बघतो."

नितेशने पहिल्यांदाच प्रश्न विचारला. "आणि फोन नाही लागला तर?"

खंडूने विचार केला. "मग लवकर या."

"येईन," नितेश म्हणाला.

"अहो, पुरे आता!" भटजींनी घड्याळाचा हात वर केला. "एकाने धरला की विधी झाला. मला कांदिवली गाठायचीय. बाकीच्यांना बसवा खाली."

रांग थबकली. सगळी पोरं भीमराजकडे बघू लागली. भीमराज शीतलकडे बघू लागला. शीतलने तोंड उघडलं, आणि तिला माहीत होतं की आता त्यातून 'कृपया'च बाहेर पडणार.

"थांबा हो भटजी," सुगंधाताई म्हणाल्या.

त्या केव्हा पुढे सरकल्या होत्या कोणास ठाऊक. नवऱ्याच्या पाटाला पाट लावून बसल्या होत्या. मांडीवरचं शर्टपीस खाली घसरलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मुलीचे भाऊ आहेत ते. मान आहे त्यांचा. सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

भटजींनी घड्याळाचा हात खाली घेतला. सुगंधाताईंनी रांगेतल्या पुढच्या मुलाला हाताने जवळ बोलावलं.

"ये रे. आणि जरा मोठ्याने सांग. त्या घरात मी पण राहते."

मुलाने भीमराजकडे पाहिलं. भीमराजने मान हलवली.

"तिला सरप्राइज आवडत नाही," मुलगा म्हणाला, या वेळी दोन कानांना पुरेल इतक्या आवाजात. "चांगलं असलं तरी नाही. आधी सांगायचं."

"बरं," सुगंधाताई म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं. "आधी सांगू."

पुढची सगळी रांग तशीच गेली. कोणी सांगितलं की चहात साखर कमी, कोणी सांगितलं की तिच्या डाव्या पायाला थंडीत कळ येते आणि ती सांगत नाही. शेवटी नंदू आला. मोठ्यांनी त्याला काही शिकवलं नव्हतं; तो लहान आहे, बोलून टाकेल म्हणून त्याला बैठकीतही घेतलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी नितेशचा कान पकडला, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला,

"तिला मी आवडतो!"

मग मात्र सगळेच हसले. हसता हसता गंधालीने मान खाली घातली आणि तिच्या खांद्यांवरून कळलं की ती हसत नाहीये. सुगंधाताईंनी हात लांब करून तिच्या पाठीवर ठेवला आणि होम संपेपर्यंत तो तिथेच राहू दिला.

पाठवणीच्या वेळी गाडीच्या खिडकीतून सुगंधाताई पोरांना म्हणाल्या, "रविवारी ती येईल. मी स्वतः पाठवीन. आणि तुम्ही पण यायचं आमच्याकडे. सगळे एकदम नको रे बाबांनो, खोली लहान आहे. आळीपाळीने." पोरांनी लगेच पाळ्यांवरून भांडायला सुरुवात केली, आणि त्या भांडणातच गाडी फाटकाबाहेर गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर भांडण आपोआप थांबलं.

उन्हं उतरली. मांडववाले खांब काढत होते. श्यामसुंदर सर आयुष्यात पहिल्यांदाच अंगणातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. शीतल आणि भीमराज सतरंज्यांच्या घड्या घालत होते, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो.

"कधी ठरवलं रे हे सगळं?" तिने विचारलं.

"साखरपुड्यापासून. लई भांडणं झाली. भुकेचं चौघांना पाहिजे होतं. मी मोठा म्हणून घेतलं."

"आणि कोठीच्या खोलीत कान धरून काय करत होतात?"

"सनई चालू असताना ऐकू जाईल का ते बघत होतो."

शीतल हसली. दिवसभराची भीती आता कुठे अंगातून उतरत होती. "मला वाटलं, तुम्ही त्याचा कान उपटून हातात देणार."

"पिळून काय होतं, ताई? दोन दिवस दुखतो फक्त."

त्याने आपली टोकं तिच्याकडे आणली, घडी झाली, पुन्हा दोघं मागे सरले. शीतलला कौतुक वाटत होतं, आणि त्याच्या तळाशी, का कोण जाणे, थोडा हेवाही. मे महिना फार लांब नव्हता.

"बरं आहे गंधालीचं," ती थट्टेच्या सुरात म्हणाली. "माझ्या लग्नात आलात तर तुम्हाला गप्पच बसावं लागेल. माझं काही माहीतच नाही तुम्हाला."

भीमराजने सतरंजी झटकली. धूळ उडाली, ती खाली बसेपर्यंत तो थांबला.

"तू रविवारी आईशी फोनवर बोलतेस ना," तो म्हणाला. "तुमच्या भाषेत, हसत हसत. मग फोन ठेवतेस आणि मागे पाण्याच्या टाकीकडे जातेस."

शीतलच्या हातातली टोकं तशीच राहिली. टाकीमागची ती जागा तिने पहिल्याच महिन्यात शोधली होती. तिथे कोणी येत नसे. पाच-दहा मिनिटं, मग नळाखाली तोंड धुवायचं आणि गणिताचं पुस्तक घेऊन परत यायचं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणींना माहीत नव्हतं. आईला तर नाहीच नाही.

"रडायला," भीमराज म्हणाला, तिला कळलं नसेल तर असू दे म्हणून. "तेव्हा आम्ही क्रिकेट पुढच्या अंगणात आणतो. दोनदा ऑफिसची काच फुटली. तू पण ओरडलीस एकदा, मागे एवढं मैदान असताना इथे काय खेळता म्हणून."

ती ओरडली होती. तिला आठवलं. सगळे खाली मान घालून उभे होते आणि कोणी उलटून एक शब्दही बोललं नव्हतं.

"सगळ्यांना माहीत आहे?" तिने विचारलं.

"हो," भीमराज म्हणाला. "नंदूला फक्त सांगितलं नाही."

त्याने पुढे येऊन तिच्या हातांतली टोकं सोडवून घेतली, घडी नीट जुळवली आणि पुढची सतरंजी आणायला तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला.